वेडा की गुन्हेगार?

नातीला कॉलेजात एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची 'द टेल-टेल हार्ट' ही कथा आहे. १८४३ सालची. "आजी, यातला माणूस वेडा की शहाणा?" असं तिनं विचारलं, आणि तो प्रश्न मला तीन दिवस पुरला.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. खून करणाराच गोष्ट सांगतो. त्याच्या घरातल्या म्हाताऱ्याचा एक डोळा गिधाडासारखा, फिकट निळा, वर पडदा आलेला. (आपण मोतीबिंदू समजून दवाखान्यात नेलं असतं!) म्हाताऱ्यावर राग नाही, पैशाचा लोभ नाही, उलट मायाच आहे. पण तो डोळा सहन होत नाही. सात रात्री हा झाकलेला कंदील घेऊन हळूच दार उघडतो, आठव्या रात्री मारतो आणि प्रेत फळ्यांखाली लपवतो. पोलीस आल्यावर नेमकी त्याच जागेवर खुर्ची टाकून गप्पा मारतो. मग जमिनीखालून हृदयाची धडधड ऐकू येऊ लागते, आणि शेवटी स्वतःच ओरडून गुन्हा कबूल करतो. सुरुवातीपासून धोशा एकच - मी वेडा नाही, बघा किती बेतानं केलं!

लेण्याद्रीच्या पायथ्याशी सकाळी फिरायला आम्ही निवृत्त मंडळी जमतो. तिथं ही गोष्ट सांगितली. एकजण म्हणाले, इतका बेत आखणारा वेडा कसला? दुसऱ्या बाई म्हणाल्या, डोळ्यापायी जीव घेणारा शहाणा कसला? मला वाटतं, दोघंही एकाच प्रश्नात दोन प्रश्न मिसळत होते. माणूस आजारी आहे का, हे डॉक्टरांनी सांगायचं. आपण काय करतोय आणि ते चुकीचं आहे हे त्याला त्या क्षणी कळत होतं का, हे न्यायालयानं बघायचं.

योगायोग असा, की १८४३ मध्येच इंग्लंडात मॅकनॉटन नावाच्या माणसाच्या खटल्यानंतर याच प्रश्नाचे नियम ठरले. आपल्या १८६० च्या दंड संहितेचं कलम ८४ त्याच वळणाचं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते कलम २२ झालं. मुद्दा तोच राहिला.

आपल्या महाराष्ट्रातलं एक प्रकरण सांगते. एका पोलीस शिपायानं १९९४ मध्ये बायकोचा खून केला. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये त्याला या कलमाचा फायदा देऊन निर्दोष सोडलं. नुसता कागदावर आजार होता म्हणून नव्हे. १९९२ पासून त्याच्यावर स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते, वडिलांनाही मानसिक आजार होता, खुनाचं कारण अगदीच किरकोळ होतं, घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावं लागलं. आणि खून दिवसाढवळ्या झाला. तो ना पळाला, ना लपला.

आता पोचा माणूस याच्याशेजारी उभा करा. तो रात्र निवडतो, रक्ताचा डाग राहू देत नाही, प्रेत लपवतो. हे पकडलं जाण्यासारखं काम आहे हे ठाऊक असल्याशिवाय कोण लपवेल? राहिली ती धडधड. लेण्याद्रीच्या तीनेकशे पायऱ्या चढून गिरिजात्मजासमोर टेकलं, की या वयात मलाही कानात धडधड ऐकू येते. ती माझीच असते. त्याला ऐकू आली तीही त्याचीच असणार. वाचणारे तिला वेडाचा पुरावा मानतात. मला ती आपण वाईट केलं हे आत कुठेतरी कळत असल्याची खूण वाटते.

म्हणून माझं मत: तो आजारी आहे, आणि दोषीही आहे. हुशारीनं बेत आखला म्हणून आजार खोटा ठरत नाही, आणि आजार आहे म्हणून जबाबदारी आपोआप सुटत नाही. मी न्यायाधीश असते तर फाशी दिली नसती. तुरुंग, आणि तिथे औषधोपचार.

असो. पण त्या सकाळच्या गप्पांतलं एक वाक्य मला टोचून राहिलं. कुणीतरी सहज म्हणालं, "असल्यांना बांधूनच ठेवायला पाहिजे."

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला कानात आवाज ऐकू येतात. तो नियमित गोळ्या घेतो, द्राक्षाच्या बागेत कामाला जातो, वाटेत भेटला की वाकून नमस्कार करतो. आजवर त्यानं कुणाला बोट लावलेलं नाही. तरी त्याची आई आजाराचं नाव घेत नाही, गोळ्या 'डोकेदुखीच्या' म्हणून सांगते. भावकीत कळलं तर धाकटीचं लग्न अडेल ही भीती. अशी बहुतेक माणसं खून करणारी नसतात. बहुतेक वेळा मार, टोमणे आणि दोरखंड त्यांच्याच वाट्याला येतात. गोष्टीतल्या त्या माणसाला 'तुला काय होतंय?' असं विचारणारं कुणीच भेटत नाही. आपल्या गावात तसं होऊ नये. त्या पोराचं वेळेवर औषध चालू आहे, ते कुणाच्या कुजबुजीला भिऊन बंद पडू नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.