पुस्तक सुचवणं हेही ग्रंथपालाचं काम माना

मा. ग्रंथालय संचालक,
ग्रंथालय संचालनालय, महाराष्ट्र राज्य,
नगर भवन, मुंबई.



मी तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा जुना सभासद आहे आणि सध्या त्याच्या कार्यकारी मंडळावरही आहे. अनुदान वाढवा, ते वेळेवर द्या, कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी लागू करा, अशी निवेदनं आपल्याकडे ढिगाने येत असतील. त्या मागण्या रास्त आहेत आणि माझा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे. हे पत्र मात्र वेगळ्या कामासाठी आहे. त्याला खर्च थोडा लागतो आणि आपण मनावर घेतलंत तर ते एका परिपत्रकाने सुरू होईल.

मराठी वाचकाला आज एक पैसाही न देता काय काय वाचायला मिळतं, ते आधी पाहू. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभा केलेला मराठी विश्वकोश वीस खंडांचा. तो सगळा संकेतस्थळावर खुला आहे. डॉ. केतकरांचा ज्ञानकोशही तसाच. मोल्सवर्थचा 1857 च्या आवृत्तीचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने शोधायला सोपे करून ठेवले आहेत. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत दिली आहेत. शासनाच्या दर्शनिका विभागाने जिल्हा गॅझेटियर दिले आहेत. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं आहेतच, शिवाय 1971 पासूनचे ‘किशोर’ मासिकाचे अंकही आहेत. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे. आणि आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन सर्वांसाठी मोकळं होतं. म्हणजे फुले, हरिभाऊ आपटे, गडकरी, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी यांची मूळ पुस्तकं कोणीही उतरवून घ्यावीत, छापावीत, वाटावीत.

यातलं बरंचसं आपल्याच शासनाने, आपल्याच करातून केलं आहे. असं असताना माझ्या गावात ते कोणाला माहीत आहे?

आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं बसतात. त्यांतली एक मुलगी परवा जिल्ह्याच्या इतिहास-भूगोलाची झेरॉक्स घेऊन बसली होती. कोणाच्या तरी क्लासच्या नोट्स, चौथ्या-पाचव्या हाताच्या, मधली पानं इतकी फिकट की नद्यांची नावं वाचता येईनात. तिने त्यासाठी पैसे मोजले होते. त्या नोट्समधला अर्धा मजकूर जिल्हा गॅझेटियरमधून उचललेला होता. मी तिच्याच मोबाइलवर तिला गॅझेटियर उघडून दिलं. ती पानं पुढे-मागे करत राहिली आणि तिने विचारलं, “हे आधीपासून होतं?” होतं. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर वर्तमानपत्रांची यादी आहे, वर्गणीचे दर आहेत, ‘शांतता राखा’ आहे. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, ज्याला हवं तो शोधून घेईल, असं उत्तर यावर नेहमी मिळतं. मला ते पटत नाही. शोधायला निघालेल्याच्या हाती आधी काय लागतं ते पाहा. आज लिहिणाऱ्या, पुस्तकाच्या विक्रीवर ज्यांचं थोडंफार चालतं अशा लेखकांची पुस्तकं कोणीतरी स्कॅन करून व्हॉट्सॲपच्या गटांवर आणि टेलिग्रामवर सोडलेली असतात. वाचकाला वाटतं, मोफत म्हणजे हेच. चोरीचं कोणतं आणि हक्काचं कोणतं, हे त्याला सांगणारं गावात कोण आहे? शाळेला वेळ नाही, पुस्तकांचं दुकान बहुतेक गावांत उरलेलं नाही. वाचनालयच आहे. वर्गणी न भरणारा माणूसही जिथे रोज येऊन पेपर वाचतो, अशी ती एकच जागा आहे.

यातूनच मला मुख्य मुद्द्याकडे यायचं आहे. फुकट वस्तू नुसती ठेवून भागत नाही, ती कोणाला उपयोगी पडेल हे ओळखून सांगणारं माणूस लागतं. आपलं संचालनालय दर वर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं. ती उपयुक्त आहे, पण ती वाचनालयाने काय विकत घ्यावं ते सांगते. समोर उभ्या असलेल्या वाचकाला आज काय द्यावं, हे कोणतीही यादी मुंबईत बसून सांगू शकत नाही.

आमच्या तालुक्यातल्याच दुसऱ्या एका लहान वाचनालयात एक ग्रंथपाल बाई आहेत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. देवघेवीच्या टेबलाच्या खणात त्यांची एक शंभर पानी वही असते. कोणत्या सभासदाने काय नेलं हे रजिस्टरमध्ये असतंच. या वहीत त्या, कोणी कोणतं पुस्तक अर्धवट सोडलं, ते लिहितात. पुस्तक परत आलं की त्या पहिला प्रश्न विचारतात, “कुठपर्यंत झालं?” ‘आवडलं का’ असं विचारत नाहीत, कारण त्यावर सगळेच ‘हो’ म्हणतात. तिसाव्या पानावर सोडलं असेल तर तसलं पुस्तक पुन्हा देत नाहीत. मेंढ्या राखणाऱ्या घरातला एक तरुण कादंबरी मागायला आला तेव्हा त्यांनी त्याला ‘बनगरवाडी’ दिली. ती त्याने दोन दिवसांत परत आणली, तेव्हा ‘गोतावळा’ दिली, आणि मग ‘बारोमास’. एका आजींना त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ दिलं, तिथून रमाबाई रानड्यांच्या आठवणी, तिथून बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. तीन बायका, तीन घरं, तीन वेगळे काळ. आजींनी शेवटचं पुस्तक परत करताना शेजारणीसाठी पुन्हा मागून नेलं. या नोंदी मी स्वतः त्या वहीत पाहिल्या आहेत.

हे काम त्या बाईंना कोणी सांगितलेलं नाही. त्याची नोंद कुठे होत नाही. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा दाखल रजिस्टर पाहतात, किर्द पाहतात, वर्गणीच्या पावत्या पाहतात, नियतकालिकं मोजतात, सभासद मोजतात. खणातली वही कोणी मागत नाही. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली आणि 1970 च्या नियमांप्रमाणे वाचनालयाचा वर्ग ठरतो तो मुख्यतः ग्रंथांची संख्या, नियतकालिकं, सभासद, कर्मचारी, उघडं ठेवण्याच्या वेळा यांवर. मोजदाद हवीच, सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यायलाच हवा. पण जे मोजलं जातं तेच केलं जातं, हा आम्हा कार्यकारी मंडळांचा अनुभव आहे. मार्चअखेरीस आम्ही ग्रंथसंख्या भरून काढायला धावतो. त्या घाईत आलेली कितीतरी पुस्तकं कपाटातून एकदाही बाहेर पडत नाहीत, आणि तरी वर्ग टिकतो.

डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले ते 1931 मध्ये. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देणं हा त्यांचा गाभा. त्यांच्या जन्मदिनी, 12 ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. त्या दिवशी हारतुरे होतात. त्याऐवजी त्याच दिवशी प्रत्येक वाचनालयाने आपल्या वाचकांसाठी स्वतः केलेली शिफारशींची यादी दारावर लावावी, असं आपण का सांगू नये? यादी गावातल्या वाचकांची असावी. वरून आलेली एकच यादी हजारो ठिकाणी चिकटवली तर ती पुन्हा एक सूचनाफलक होईल. रत्नागिरीच्या किंवा नाशिकच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षं जुन्या वाचनालयाची यादी वेगळी असेल आणि मेळघाटातल्या ‘ड’ वर्गाची वेगळी, ती वेगळीच असायला हवी.

मोफत साधनांचं मात्र उलट आहे. तिथे संचालनालयानेच एक पान तयार करून द्यावं. विश्वकोश, शब्दकोश, गॅझेटियर, ‘किशोर’, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं, राज्य मराठी विकास संस्थेने खुली केलेली पुस्तकं, सुगम्य पुस्तकालय; प्रत्येकापुढे एक ओळ, हे कोणाच्या उपयोगाचं, आणि मोबाइलने टिपायचा क्यूआर कोड. ते मोठ्या अक्षरांत छापून सगळ्या वर्गांच्या वाचनालयांना पाठवावं. ‘हे कायद्याने मोफत आहे’ असं त्यावर ठळक असावं, म्हणजे चोरीच्या प्रतींपासून ते वेगळं कळेल. जिथे संगणक धूळ खात पडला आहे तिथे तो वाचकांसाठी सुरू करावा आणि आठवड्यातला एक तास ‘शोधून देण्याचा तास’ म्हणून जाहीर करावा. सातबारावरचा एखादा जुना शब्द अडला, नातवाच्या प्रकल्पाला माहिती हवी, तर माणसाने त्या तासाला निःसंकोच यावं.

आणि या कामाला मोबदला हवा. अनेक लहान वाचनालयांतल्या ग्रंथपालांच्या हाती जे मानधन पडतं, त्यापेक्षा शेतावरचा मजूर महिन्यात जास्त मिळवतो. आपल्या कायद्यात ग्रंथालय उपकर नाही, सगळी मदार अनुदानावर आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतो, वाढीव अनुदानाचा विचार होईल तेव्हा वाचकाला मार्गदर्शन करणं हे कामाच्या यादीत लिहा, त्याचं प्रशिक्षण द्या आणि त्याचे पैसे द्या. आज ते त्या बाईंच्या आवडीवर चाललं आहे. उद्या त्या सोडून गेल्या तर ती वही रद्दीत जाईल.

तूर्त एवढंच मागतो. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या वार्षिक अहवालाच्या नमुन्यात एक पान वाढवा: या वर्षी वाचकांना कोणती पुस्तकं सुचवली, कोणती मोफत साधनं दाखवली, आणि त्यातलं काय परत आलं, काय अर्धवट राहिलं. त्यावर गुण ठेवू नका, नाहीतर आम्ही तेही मार्चमध्ये भरून काढू. नुसतं वाचा, आणि चांगलं असेल ते इतर जिल्ह्यांना पाठवा.

आमच्या वाचनालयाचं असं पान मी आणि आमच्या ग्रंथपालांनी मिळून लिहायला घेतलं आहे. दिवाळी अंकांची देवघेव संपली की ते पुरं होईल. ते कोणत्या नमुन्यात आणि कोणाकडे पाठवायचं, तेवढं कळवावं.

आपला,
एक सभासद