माजी विद्यार्थ्यांनो, भाषण नको, वेळ द्या

देवळ्यातल्या माझ्या जुन्या कॉलेजातल्या मुलांना मी विनामोबदला करिअर मार्गदर्शन करतो. "मोठं कसं व्हायचं?" असं कुणी विचारत नाही. विचारतात ते नॉन-क्रिमीलेअर दाखल्याबद्दल, मुलाखतीबद्दल. बागवान, पिंजारी, अत्तार ही नावं राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, हेही काही घरांत ठाऊक नसतं.

सच्चर समितीने 2006 मध्ये दाखवून दिलं की विशीपुढच्या मुस्लिमांत पदवीधर 4 टक्क्यांहूनही कमी आहेत. पदवीपर्यंत पोचलेला मुलगा केवळ माहितीअभावी मागे फिरला, तर ते नुकसान एका घरापुरतं राहत नाही.

स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ घेऊन परतणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: महिन्यातला एक रविवार द्या, आपला फोन नंबर द्या. विद्यार्थिनी असेल तर तिच्या अब्बांशीही बोला. गाडी बहुतेकदा तिथेच अडते.