'द अ‍ॅस्टॉनिशिंग'च्या बचावाला उत्तर

ड्रीम थिएटरचा 'द अ‍ॅस्टॉनिशिंग' जानेवारी २०१६ मध्ये आला. दोन अंक, ३४ तुकडे, सुमारे १३० मिनिटे. प्रोग्रेसिव्ह मेटलमधल्या या सर्वात गाजलेल्या बँडने एवढा मोठा घाट पूर्वी घातला नव्हता. अल्बम फसला असे कोणी म्हटले की त्याचे कैवारी अजून सरसावून येतात. त्यांचे म्हणणे असे की हा अल्बम नसून ऑपेरा आहे, ज्यांना नुसत्या दणदणीत रिफ हव्यात त्यांना तो कळायचा नाही, तो शब्द समोर ठेवून पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो, आणि काहीही असले तरी एवढे धाडस करणाऱ्यांचा मान राखायला हवा. मी या बँडचा जुना श्रोता आहे. हा बचाव मला मान्य नाही.

धीर धरून ऐका, हे ग्वाल्हेरच्या माणसाला सांगावे लागत नाही. दोन-चार ओळींची बंदिश तासभर ऐकणाऱ्यांचे हे गाव. इथल्या घराण्यात आधी स्थायी-अंतरा स्वच्छ मांडतात; मग आलाप, बहलावे, बोलताना, ताना, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून उगवते. कृष्णराव शंकर पंडितांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. लांबी तिथे मालातूनच तयार होते. तेव्हा १३० मिनिटांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार नेमकी उलट आहे. ३४ तुकड्यांची सरासरी काढली तर एकेकाला चार मिनिटेही मिळत नाहीत, आणि सर्वात लांब तुकडाही आठ मिनिटांना पोचत नाही. 'ऑक्टाव्हेरियम'सारखी २४ मिनिटांची एकसंध रचना करणाऱ्या या बँडने आपल्या सर्वात मोठ्या कामात सुरांना वाढायला जागाच ठेवली नाही. एक पात्र येते, मनातले सांगते, वाद्यवृंद उसळतो, पुढचे पात्र येते. विस्तार भरपूर आहे, बढत नाही.

आता ऑपेराचा मुद्दा. गोष्ट २२८५ सालची. अमेरिकेतल्या एका साम्राज्यात माणसांचे संगीत संपले आहे, नोमॅक नावाची उडती यंत्रे आवाज करतात, आणि रेव्हन्सकिल गावातल्या गॅब्रिएलला गाण्याची देणगी आहे. सम्राट नाफेरियस, राजकन्या फेथ, तिचा भाऊ डेरियस, गॅब्रिएलचा भाऊ आरिस अशी आठ पात्रे, आणि आठही एकटे जेम्स लाब्री गातात. एका माणसाने सगळी पात्रे उभी करू नयेत असे मी मुळीच म्हणणार नाही. आमचा तानसेन समारोह हजिऱ्यातल्या तानसेनच्या समाधीपाशी ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने सुरू होतो. कीर्तनकार एकटाच राजा होतो, दूत होतो, रडणारी आई होतो. पण तो मधे थांबतो, गद्यात कथा पुढे नेतो, श्रोत्यांकडे वळून बोलतो, आणि नेमक्या जागी साकी नाहीतर दिंडी उचलतो. कोण बोलतो आहे याचा संभ्रम होत नाही. लाब्री नाफेरियससाठी आवाज दाट करतात, फेथसाठी हलका करतात, मेहनत दिसते. तरीही मधे गद्य नाही, त्यामुळे पुस्तिका हातातून सुटली की आठ माणसांचा एकच माणूस होतो. जे नाटक कानांना कळत नाही त्याला ऑपेरा म्हणून सूट कशी द्यायची?

सर्वात मोठी संधी मात्र कथेच्या गाभ्यातच होती. यंत्राचा आवाज विरुद्ध माणसाचा सूर! विषम मात्रांच्या लयींशी लीलया खेळणाऱ्या, तेव्हा माइक मॅन्जिनींसारखा ड्रमवादक असलेल्या बँडला याहून चांगला विषय कोणता मिळणार? यंत्राची निर्दय लय आणि गॅब्रिएलची चाल एकाच गाण्यात एकमेकींना भिडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात नोमॅकना पाच छोटे वेगळे तुकडे दिले आहेत, खरखर आणि शिट्ट्यांचे. ते येतात, जातात, शेजारच्या गाण्याला ओरखडाही उमटत नाही. शेवटाकडे गॅब्रिएल एवढ्या जोराने ओरडतो की त्याचा आवाजच जातो. गायक मुका झाला, याहून भयंकर क्षण या कथेत नाही. पण तोपर्यंत तोच गळा इतका सलग ऐकलेला असतो, आणि पुढेही तो गातच राहतो, की गेलेला आवाज आपल्याला जाणवत नाही. गिटारवादक जॉन पेट्रुचींनी कथा मन लावून लिहिली आहे, कीबोर्डवादक जॉर्डन रुडेस यांच्यासह बांधलेल्या काही चाली खरोखर सुंदर आहेत. संगीताने करायचे काम शब्दांवर सोपवले, हा दोष त्याने झाकत नाही.

धाडसाचा मान राखा, हे ऐकून मला आमचा किल्लाही आठवतो. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे १२०० हून अधिक तबलावादकांनी एकत्र वाजवून गिनीज विक्रम केला. गावाला अभिमान वाटला, तो स्वाभाविक होता. पण विक्रम मोजणीचा असतो, आणि तबला कसा वाजला हा प्रश्न उरतोच. संगीतातले धाडस आकड्यांवर मोजायची सवय आपण सगळ्यांनीच सोडायला हवी.

मोठे स्वप्न कसे पेलावे हे याच बँडने १९९९ साली दाखवले होते. 'सीन्स फ्रॉम अ मेमरी'ची कथा कमी गुंतागुंतीची नाही: पूर्वजन्म, संमोहन, १९२८ मधला खून. पण १९९२ च्या 'मेट्रोपोलिस'मधल्या चाली तिथे रूप बदलून परततात, आणि 'द डान्स ऑफ इटर्निटी' एकही शब्द न उच्चारता कथेची अस्वस्थता वाढवते. पुस्तिका बाजूला ठेवली तरी काहीतरी उकलते आहे हे कानांना कळते. १२ गाणी, ७७ मिनिटे, आणि प्रत्येक मिनिटाला काम आहे. संकल्पना-अल्बमकडून मी एवढेच मागतो. गोष्ट सुरांतून घडली पाहिजे, सुरांना चिकटवलेली नको.

कैवाऱ्यांना माझी विनंती आहे. दोन्ही अल्बम पुस्तिकेशिवाय लागोपाठ ऐका आणि मग बोला. २०१९ चा 'डिस्टन्स ओव्हर टाइम' याच बँडने तासाभराच्या आत संपवला, आणि त्यात एकही सलग कथा नाही.