साखरेचा आलेख, ज्वारीचा विमा

रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी अशी दंडावर चिकटवायची एक चकती शहरी मध्यमवर्गात सध्या मोठ्या कौतुकाचा विषय झाली आहे. तिचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली राहतो, पेशींभोवतीच्या द्रवातील साखर काही मिनिटांच्या अंतराने मोजतो आणि बोटाला सुई न टोचता दिवसरात्रीचा आलेख मोबाईलवर उमटवितो. पोह्यांनी साखर किती चढली आणि पुरणपोळीने किती, ही चर्चा आता लग्नाच्या पंगतीतही कानी पडते. पाठोपाठ प्रश्न येतो, यंत्र कोणते घ्यावे? ते कोणाला मिळावे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

यंत्रायंत्रांतील तुलना थोडक्यात उरकता येईल. ॲबट कंपनीच्या लिब्रेचा सेन्सर चौदा दिवस, डेक्सकॉमचा दहा, मेडट्रॉनिकच्या गार्डियनचा सात; अलीकडच्या काही आवृत्त्या पंधरा दिवस चालतात. लिब्रेच्या पहिल्या आवृत्तीत मोबाईल चकतीजवळ नेल्याखेरीज आकडा कळत नसे आणि साखर धोकादायक उतरली तरी यंत्र मौन पाळी. दुसऱ्या आवृत्तीपासून इशाऱ्याची घंटा आली. अचूकतेत मात्र उन्नीस-बीसचाच फरक. नव्या सेन्सरांची सरासरी चूक आठ ते दहा टक्क्यांच्या घरात असते. रक्तातील बदल सेन्सरला कळण्यास पाच ते पंधरा मिनिटे लागतात आणि झोपेत चकती अंगाखाली दबली तर साखर खोटीच कमी दिसते. आमच्या वर्धेपुरती आणखी एक अडचण आहे. हे सेन्सर पंचवीस-तीस अंशांपलीकडे साठवू नयेत असा दंडक आहे, आणि वैशाखात येथे पारा ४५ ला टेकतो! राहिल्या अंगठ्या आणि मनगटी घड्याळे. त्वचेला छेद न देता साखर मोजल्याचा दावा करणाऱ्या अशा एकाही उपकरणास आपली मान्यता नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच बजावले आहे.

आता मूळ मुद्दा. आष्टी वा समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या खेड्यात पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले दहा वर्षांचे लेकरू डोळ्यांपुढे आणावे. त्याच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा टोचून घ्यावे लागते आणि मात्रा थोडी अधिक झाली तर मध्यरात्री साखर कोसळून ते झोपेतच बेशुद्ध पडू शकते. त्याची आई रात्री दोनदा उठून त्याच्या कपाळावरचा घाम चाचपते. घंटा देणारे यंत्र त्या माउलीसाठी आहे. विदर्भात सिकलसेलचे प्रमाणही मोठे आहे. या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी चाचणी फसवी ठरते. साखर आटोक्यात असल्याचे कागद सांगतो आणि ती आटोक्यात नसते. अशा मधुमेहींना चौदा दिवसांचा आलेख खरा आधार देतो.

यांच्यापैकी किती जणांच्या दंडावर ती चकती दिसते? एक सेन्सर साधारण पाच हजारांना पडतो, महिन्याला दोन लागतात. कापसावर वर्ष काढणाऱ्या घराने ते कोठून आणावेत? उलट, ज्याची साखर जेवणानंतर चढून दोन-अडीच तासांत आपसूक खाली येते अशा निरोगी माणसाला तोच आलेख ‘वेलनेस’ म्हणून विकला जात आहे. ही चढउतार म्हणजे देहधर्म. तिला रोगाचे भय जोडणे हा व्यापार झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्याने वैद्याच्या सल्ल्याने एखादे वेळी पंधरवडाभर चकती लावून स्वतःचे जेवण पारखले तर ते समजण्यासारखे आहे. बाराही महिने ती मिरविणे ही निव्वळ हौस.

सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यजन्य असे दोन भेद केले होते. चिकित्सा सांगताना त्याने रुग्णाची ऐपतही पाहिली. निर्धनाला अनवाणी, छत्रीविना शंभर योजने चालावयास सांगितले, तर धनवानाला सावा, नीवार अशा रानधान्यावर राहावयास. श्रीमंतासाठी महागडे औषध त्याने योजले नाही, हे आजच्या बाजाराने ध्यानी घ्यावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतील बहुतेकांना आजही चालणे, मित आहार आणि वेळेवर औषध हेच तारणार आहे.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने भोवतालच्या गावांत ज्वारी घेऊन आरोग्यविमा चालविला. ज्याची शेती अधिक त्याने ज्वारी अधिक द्यावयाची. उपचार मात्र गरजेप्रमाणे. हेच सूत्र सेन्सरला का लावू नये? जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे गावोगावी खाटा, वॉकर देत आली आहेत. चकती एकाची दुसऱ्याला लावता येत नाही, हे खरे. परंतु सेन्सरसाठी निधी उभा राहू शकतो. प्रमुख कंपन्यांचे सेन्सर परदेशात बनतात, तेव्हा स्वदेशी निर्मितीचा आग्रहही धरावयास हवा. अठरा वर्षांखालील पहिल्या प्रकारच्या मधुमेहींना सेन्सर शासनाने विनामूल्य द्यावेत, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी अधिवेशनात मांडावी. तोवर आर्वी, हिंगणघाट, देवळी येथील कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात अशी मुले किती आहेत, त्यांचे इन्सुलिन कोठे ठेवले जाते आणि घरी ग्लुकोमीटरच्या पट्ट्या तरी शिल्लक आहेत का, एवढी नोंद या उन्हाळ्यापूर्वी करावी.