साखळी-करवत कोणाच्या हातासाठी?

म्हैसूरहून हुणसूरमार्गे कोडगूकडे जाऊ लागले, की आधी नारळाच्या बागा व तंबाखूची शेते लागतात आणि पुढे कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेले सिल्व्हर ओक सरळ उंच उभे असलेले दिसतात. दसऱ्याच्या मिरवणुकीचे हत्ती म्हैसुरास निघतात तेही हुणसूर तालुक्यातील वीरनहोसहळ्ळीहून. एके काळी या रानातील ओंडके हत्तीच ओढीत, आणि झाड पाडावयाचे ते कुऱ्हाडीने व दोघांनी दोन टोकांस धरावयाच्या करवतीने. आता त्याच रस्त्याने जाताना दूरवरून एक कर्कश गुरगुर ऐकू येते. ती साखळी-करवतीची. बाजारात तिला सर्वजण चेनसॉ म्हणतात.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक हुणसूरजवळ थोडी बागायत राखून आहेत. काही वठलेले नारळ, बांधावरचे पंचवीस-तीस सिल्व्हर ओक आणि वादळात पडलेली एक-दोन झाडे तोडावयाची म्हणून त्यांनी चेनसॉ घेण्याचे ठरविले व आम्हांस सोबत बोलाविले. यंत्रांतील आमचे ज्ञान पुस्तकी. पण पुस्तके वाचणे हाच आमचा व्यवसाय असल्याने आम्ही संकोच केला नाही. त्या दिवशी दुकानात जे घडले ते अशा खरेदीच्या विचारात असलेल्या वाचकांस उपयोगी पडेल असे वाटते.

हे यंत्र हलके व्हावयास बराच काळ लागला. जर्मनीतील स्टुटगार्ट येथे आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली बनविलेली विजेवर चालणारी साखळी-करवत सुमारे ४८ किलो वजनाची होती व ती चालविण्यास दोन माणसे लागत. एकट्या माणसास पेलणारी त्यांची पेट्रोलची करवत आली ती १९५० साली, तिचेही वजन १६ किलो होते. साखळीच्या दात्यांची गोष्ट तर याहून मनोरंजक आहे. अमेरिकेतील जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. ती आपल्या वाकड्या जबड्याने डावीउजवीकडे, रेषांच्या आडवे व उभेही, सहज कोरीत होती. त्यावरून त्याने साखळीचे दाते नव्या आकाराचे केले आणि १९४७ पासून ते बाजारात आले. आजची साखळीही त्याच वंशातील आहे.

आता दुकानाकडे येऊ. दुकानदाराने प्रथम पुढे केली ती ५८ सीसीची, २२ इंची पट्टीची करवत. किंमत कमी, आकडे मोठे. आमच्या स्नेह्यांचे डोळे तेथेच खिळले. पट्टी म्हणजे जिच्या कडेने साखळी फिरते तो लोखंडी पाता. ती जितकी लांब तितकी करवत चांगली, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. लांब पट्टी ओढण्यास इंजिनाचा जोर अधिक लागतो, टोकाकडचे वजन वाढते व मनगटावर ताण येतो. शिवाय टोक जितके दूर, तितके ते नजरेआड कशाला तरी लागण्याचा संभव अधिक. एक-सव्वा फूट जाडीच्या बुंध्यास १६ इंची पट्टी पुरते; थोडा जाड बुंधा असला तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. तिच्याजोगे इंजिन म्हणजे साधारण ४० ते ५० सीसीचे. घरगुती बागेस ‘मध्यम’ म्हणावयाची करवत हीच.

वजनाच्या आकड्यातही एक मेख आहे. माहितीपत्रकात ४.७ किलो छापलेले असले, तरी ते बहुधा रिकाम्या इंजिनाचे असते. पट्टी व साखळी यांचे मिळून किलोभर, अर्धा लिटर पेट्रोलचे पावणेचारशे ग्रॅम आणि साखळीवर सतत पाझरणाऱ्या तेलाचे पाव किलो धरले, की हातात सहा किलोंहून अधिक येते. म्हणून तोलावयाची ती पूर्ण सजविलेली करवत.

आमच्या स्नेह्यांनी ती मोठी करवत उचलली, दोनदा हलवून पाहिली आणि म्हणाले, “काही जड नाही हो!” तेव्हा आम्ही विचारले, “गुरुजी, ही चालविणार कोण?” चालविणार होता त्यांच्याकडे कामाला येणारा तरुण. तो दाराबाहेर चपला काढून उभा होता. त्यास कोणी आत बोलाविलेच नव्हते. पैसे देणारा एक आणि दिवसभर भार वाहणारा दुसरा, असे आपल्याकडे बऱ्याच अवजारांच्या बाबतीत होते. कुदळीत ते खपूनही जाते. येथे मात्र साखळी सेकंदाला सुमारे वीस मीटर वेगाने धावते, आणि थकलेला हात खाली आला तर खाली मांडी असते.

त्या तरुणास आत बोलाविले. मोठी करवत हाती घेऊन तो कमरेत वाकला, ओंडका कापतो तसे धरून राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “स्वामी, पुढचे तोंड खाली ओढते.” नंतर त्याने १६ इंची, ४५ सीसीची उचलली. ती पुढच्या दांडीला एका हाताने धरली असता जवळजवळ आडवी राहिली. हलकेपणा म्हणजे नुसते वजन कमी असणे नव्हे, तोलही हवा, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्याने ते एका वाक्यात सांगितले.

यापुढची पाहणी मात्र घाईने करू नये. करवतीचा सर्वांत घातक गुण म्हणजे उसळी. फिरत्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग एखाद्या फांदीस लागला, की करवत क्षणार्धात वर व मागे, धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वा खांद्याकडे उडते. माणसास सावरण्यास तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून पुढच्या दांडीसमोर एक ढाल असते व ती पुढे ढकलली जाताच साखळी थांबविणारा ब्रेक असतो. हा ब्रेक नसलेली करवत फुकट मिळाली तरी घेऊ नये. असलेली करवत दुकानातच चालू करून ब्रेक लावून पाहावा. इंजिनाची थरथर हातापर्यंत येऊ न देणारे रबर वा स्प्रिंग आहेत की नाहीत, हेही पाहावे. वर्षानुवर्षे ती थरथर सोसलेल्या हातांची बोटे पांढरी पडून बधिर होतात. सुटे भाग गावात मिळतात का, हा प्रश्न गृहिणी शिवणयंत्र घेताना विचारते तितक्याच आग्रहाने येथेही विचारावा.

निवडलेल्या करवतीची किंमत पहिलीच्या कितीतरी पट निघाली व गुरुजींचा चेहरा उतरला. त्यात आम्ही जाळीचे शिरस्त्राण, कानांवरील झाकणे आणि पायांवर बांधावयाचे जाड आच्छादन यांचीही मागणी केली! या आच्छादनात लांब तंतूंचे थर असतात; साखळी लागताच ते तिच्या चाकात गुंतून ती अडकवितात. गुरुजींनी थोडा हिशेब केला, फवारणीचा नवा पंप पुढील वर्षावर टाकला आणि सर्व घेतले. पायांचे आच्छादन त्या तरुणाच्या मापाचे निघाले नाही, म्हणून ते बदलून आणविले.

केवळ अंगणातील फांद्या छाटावयाच्या असतील तर एवढा खटाटोप नको. बॅटरीवरील लहान करवत त्या कामास पुरी पडते. पेट्रोलची करवत दोन-स्ट्रोक असल्याने पेट्रोलात तेल मिसळावे लागते, कोठे लिटरला २० मिलिलिटर, कोठे ४०. पुस्तिकेत असेल तेच प्रमाण मानावे. भुश्याऐवजी पीठ पडू लागले, म्हणजे दाते बोथट झाले असे समजून गोल कानस फिरवावी. नारळाच्या बुंध्याशी माती व वाळू असते. ती दात्यांची मोठी वैरीण, म्हणून बुंधा आधी झाडून घ्यावा. खांद्याच्या वर करवत उचलू नये, आणि झाडावर चढून तर ही चालवूच नये. ते शिकलेल्यांचे काम आहे.

परवानगीचा विसर पडू नये. कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात नारळ व सिल्व्हर ओक यांसारख्या काही झाडांना सूट आहे, इतरांस वृक्ष-अधिकाऱ्याची अनुमती लागते. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग ही आपल्या परसातली झाडेही आहेत. तोडण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत विचारून यावे.

गुरुजींकडे पहिल्या दिवशी उभे झाड कापलेच नाही. वादळात पडलेला सिल्व्हर ओक जमिनीवर होता, त्याचे तुकडे करून त्या तरुणाने हात बसविला. गुरुजी मध्येच म्हणाले, “दे, मी पाहतो.” त्याने करवत बंद केली, साखळी थांबेपर्यंत वाट पाहिली आणि डोक्यावरचे शिरस्त्राण काढून आधी ते त्यांच्यापुढे धरले.