नोंदणी मिळाली, हक्क नाही

कळंबसारख्या गावातले आम्ही कापड व्यापारी सरकारी कार्यालयांना चादरी-पडदे पुरवतो आणि उद्यम प्रमाणपत्रावर भरवसा ठेवतो. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योजकाचे बिल माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हावे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. मात्र २ जुलै २०२१ च्या केंद्राच्या आदेशाने व्यापाऱ्याला नोंदणी दिली, ती फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. विणणाऱ्याला संरक्षण, विकणाऱ्याला नाही! रक्कम तर दोघांचीही अडकते. केंद्राने हा भेद मिटवावा. तोवर व्यापारी बांधवांनी निविदा भरण्याआधी देयकाची मुदत वाचावी आणि उशिराचे व्याज भावातच धरावे.