नकाशातली फूटपट्टी कुणी लपवली?



आज पिकाचं नाही, मोबाईलमधल्या नकाशाचं लिहितोय. डोकं तापलंय म्हणून लिहितोय.

विहिरीपासून वरच्या पट्टीपर्यंत अडीच इंची पीव्हीसी टाकायची होती. मधला बांध घाणेरी-बोरींनी भरलेला, पाय ठेवायला जागा नाही. जमलं तिथं पावलं मोजली, उरलेलं अंदाजाने धरलं. हिशेब आला 280 मीटर. पाइपाचा नग 6 मीटरचा, म्हणून 47 नग आणले. जेसीबीने चारी मारली, दोन गडी लावले आणि दुपारी सात नग कमी! चारी उघडी, गडी झाडाखाली बसलेले, मी दुकानाच्या वाटेवर. भाडं डबल, हजेरी दुसऱ्या दिवसाची.

संध्याकाळी भाचा आला. कृषी डिप्लोमाला आहे. म्हणला, मामा, नकाशात मोजता येतं की. विहिरीवर बोट दाबून धरलं, पिन पडली, खालची पट्टी वर ओढली आणि तिथं बारीक अक्षरात ‘अंतर मोजा’. बांधाच्या कडेकडेने ठिपके टाकत गेला. 318 मीटर. भागिले 6, म्हणजे 53, आणि सॉकेटमध्ये प्रत्येक नगाचे तीन-चार इंच जातात त्याचा एक. 54. बरोब्बर!

चार वर्षं हा नकाशा माझ्या खिशात आहे. उघडला की हॉटेल, एटीएम, पेट्रोल पंप यांची बटणं कपाळावरच. मोजायचं मात्र तीन पायऱ्या खाली, तेही बोट दाबून धरायचं आधी ठाऊक असेल तर. कुठं लिहिलंय दाबून धरा म्हणून? नकाशा म्हणजे मोजायची वस्तू ना? गावचा जुना नकाशा बघा, कागद फाटायला आला तरी कडेला प्रमाण आहे, उत्तर दिशेचा बाण आहे. इथं प्रमाणाची पट्टी झूम करताना क्षणभर दिसते आणि पळते. ती कायम ठेवायची सोय आहे, पण सेटिंगच्या पोटात. का? तर म्हणे स्क्रीन मोकळी दिसावी. जाहिरातीला जागा आहे, पट्टीला नाही.

कोणी म्हणेल, शोधलं असतं तर सापडलं असतं. अहो, ट्रॅक्टरचा हायड्रॉलिकचा दांडा सीटखाली लपवला आणि वर म्हणले शोधायचा होता, तर चालेल का? जे रोज लागतं ते हाताशी पाहिजे.

पाइपाचं नुकसान हजारात भागलं. क्षेत्राचं तसं नाही. शेजारच्या आबांचा सातबारा अडीच एकराचा, पण पोटखराबा, गोठा, रस्ता वजा जाता पेरा 84 गुंठ्यांत. तणनाशक मात्र 100 गुंठ्यांचं. म्हणजे दर फवारणीला जवळपास 19 टक्के जास्त औषध रानात, आणि पीक पिवळं पडलं की दोष बियाण्याला. आणि ह्या नकाशात क्षेत्र निघतं ते फक्त संगणकावर. मोबाईलवर ते बटणच नाही! बांधावर संगणक घेऊन कोण जातं?

निघालं तरी चौरस मीटरमध्ये. लक्षात ठेवा: 101 ने भागलं की गुंठे, 4047 ने भागलं की एकर. 33 फुटी साखळीवर महाराष्ट्रातली बरीच जमीन मोजली गेली, 33 गुणिले 33 चौरस फुटांचा गुंठा पोरासोरांना पाठ आहे, पण एककांच्या यादीत गुंठा नाही.

एक मात्र खरं सांगतो. हे माप वरून बघितल्यासारखं सपाट येतं. दहा फुटांला एक फूट चढ असेल तर अर्धा टक्काच फरक, पण ओघळ-नाला आडवा असेल तर एखादा नग जास्तीचाच घ्या. आणि बांधाच्या भांडणात हे माप दाखवू नका, तिथं सरकारी मोजणीच लागते.

कृषी सहायक, कृषी सेवा केंद्रवाले जे कोणी वाचताय, त्यांना विनंती. पुढच्या मेळाव्यात पीपीटी लावायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांना मोबाईल काढायला लावा आणि आपापल्या विहिरीवर बोट दाबून धरायला सांगा. किती जणांना हे आधी ठाऊक होतं, ते हात वर करून मोजा आणि खाली कमेंटमध्ये आकडा टाका.